खंडेनवमीची चकती

ही गोष्ट खरी आहे. ज्याला टाइमपास वाटेल त्याने आत्ताच पुढे सरकावं, खाली हसायच्या इमोजी टाकू नयेत. ज्याच्यावर बेतली तो सुदेश माझ्या मावसबहिणीचा, ऐश्वर्याचा नवरा आहे.

रात्र वगैरे नव्हती. गेल्या खंडेनवमीची भरदुपार. डोंबिवली एमआयडीसीतलं एक छोटं वर्कशॉप.

सकाळी पूजा झाली. हळद-कुंकू, झेंडूचे हार, पेढे. पूजेनंतर मशीन चालवायची नसते, हे आपल्याकडे कुणालाही विचारा. पण शेठला कोण सांगणार?

"सुदेश, थोड्याच चकत्या राहिल्यात. पार्टी डोक्यावर बसलीय. करून दे, नाहीतर उद्यापासून येऊ नको."

"शेठ, ती सीतारामकाकांची लेथ मशीन. आणि आज..."

"काका गेले. मशीन आहे ना?"

शेठ गाडीत बसून निघूनही गेला. सीतारामकाका याच मशीनवर गेले होते. अशाच खंडेनवमीला, याच माणसाच्या हट्टापायी. चकती सुटली ती थेट गळ्यात.

सुदेशने मशीनवरचा हार काढून स्टुलावर ठेवला.

पत्र्याची पातळ चकती लेथच्या फिरत्या जबड्यात, म्हणजे चकमध्ये, आवळली तर वाकते. म्हणून चकमध्ये लाकडी ठोकळा धरायचा, त्याला चकती टेकवायची आणि समोरून टेलस्टॉकचं, म्हणजे दुसऱ्या टोकाच्या सरकत्या भागाचं, टोकदार सेंटर हँडल फिरवून दाबायचं. नुसत्या दाबावर ती फिरते. दाब सुटला की संपलंच.

त्याने हँडल आवळलं. लॉक केलं. मशीन सुरू.

चकतीचा बारीक आवाज येऊ लागला... आणि मधेच बदलला.

त्याने झटकन मशीन थांबवली.

सेंटर बोटभर मागे सरकलेलं. लॉक मात्र तसंच घट्ट.

"कोण आहे रे?"

कोणी नव्हतं. सगळे केव्हाच घरी गेलेले.

त्याने पुन्हा आवळलं, पुन्हा सुरू केलं. सहज स्टुलाकडे बघितलं...

हार नव्हता.

तेवढ्यात पाठीला काहीतरी टेकलं. दोन खांद्यांच्या मधोमध... थंड, टोकदार.

त्याला वळता येईना. हात हलेना. छाती मशीनला चिकटली आणि मान हळूहळू फिरत्या चकतीकडे वाकू लागली.

मागून आवाज आला. कुर्रर्र...

कोणीतरी हँडल आवळत होतं.

"काका! मला शेठने लावलं हो! माझं काय चुकलं?"

आवाज थांबला.

मग... अजून एक पीळ.

त्याच क्षणी एमआयडीसीची लाइट गेली. मशीन मंदावली, चकती निसटून खाली पडली. पाठीवरचा दाब मात्र बराच वेळ तसाच होता. सुटला तेव्हा सुदेश जो पळाला तो थेट गेटपर्यंत. वॉचमन त्याच्याकडे बघून दोन पावलं मागे सरला.

झेंडूचा हार सुदेशच्या गळ्यात होता.

ती नोकरी त्याने सोडली. आता ठाकुर्लीला एका दुकानात असतो. पाठीवरचा बारीक खड्डा काही भरत नाही.

पुढच्या आठवड्यात खंडेनवमी आहे. परवा ऐश्वर्याचा फोन आला.

"दादा, हे झोपेत फिरतात रे. पालथे, हातपाय न हलवता... गोल. सकाळी चादर पिळवटलेली असते."

मी म्हटलं, "अगं, घट्ट धरून ठेव त्याला."

ती रडायलाच लागली.

"धरलंय रे दादा... कोणीतरी आधीच धरलंय."