चाळिसाव्या वाढदिवसाची बाटली

निवृत्त मुद्रितशोधकांनी पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. "ही माझ्या बायकोची नाही," ते म्हणाले.

वहिनींनी चष्मा लावला. त्या नावाजलेल्या गुप्तहेर होत्या, पण कचेरीतही सगळे त्यांना वहिनीच म्हणत, कारण त्यांचा मदतनीस म्हणजे सख्खा दीर. भावजी प्रामाणिक होते. डोकं मात्र सावकाश चालायचं.

बाटलीत साधी लाल वाइन होती, कोपऱ्यावरच्या दुकानातली सगळ्यात स्वस्त. मानेला पिवळी पडलेली चिठ्ठी बांधलेली: 'लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला उघडायची. एकट्याने प्यायची नाही.'

"दर शुक्रवारी आम्ही हीच घ्यायचो. कधी ऑम्लेटबरोबर, कधी नुसत्या सूपबरोबर. पाच वर्षांपूर्वी ती गेली. त्याआधी ही फळीवर ठेवली आणि म्हणाली, तोवर हात लावायचा नाही. मी लावला नाही. आज सकाळी उतरवली आणि लेबलावरचा बारीक मजकूर वाचला. वाइन बाटलीत भरल्याचं साल गेल्या वर्षीचं आहे."

"संशय कोणावर?"

"जावयावर. गेल्या उन्हाळ्यात तो दोन दिवस माझ्या घरी एकटाच होता. स्वतःला वाइनमधला दर्दी समजतो. आज दोघं जेवायला येताहेत. मुलीसमोरच विचारणार आहे. मग ती पुन्हा आली नाही तरी चालेल."

शेवटचं वाक्य बोलताना त्यांचा आवाज कापला. चालणार नव्हतं, हे भावजींनाही कळलं.

वहिनी चिठ्ठी न्याहाळत होत्या. "कागद जुना, दोरा नवा. तीन गाठी, आणि टोकं गाठीलगत कापलेली."

भावजींनी वहीत 'दोरा' असं लिहिलं आणि पुढे काय लिहायचं ते न सुचून वही मिटली.

जावई दातांचे डॉक्टर. दोन रुग्णांच्या मध्ये भेटले.

"ती बाटली? सासूबाईंना मी तेव्हाच सांगितलं होतं, असली वाइन ठेवायची नसते, प्यायची असते. पाच वर्षांत उतरणारच. शेजारच्या काकूही होत्या तिथे. सासूबाई नुसत्या हसल्या." हातमोजे काढत ते पुढे म्हणाले, "मी बदलली असती तर निदान बरी तरी आणली असती. सासरे माझ्याशी धड बोलत नाहीत हो. आज जेवायला बोलावलं म्हणून खूश होतो."

शेजारच्या काकू शिवणकाम करत. मुद्रितशोधक उन्हाळ्यात मुलीकडे गेले की घराची किल्ली त्यांच्याकडे असे, झाडांना पाणी घालायला.

"मला नाही बाई त्या बाटल्यांतलं कळत. मी पीत नाही," असं म्हणत त्यांनी शर्टाला बटण शिवलं, तीन गाठी मारल्या आणि कात्रीने दोरा गाठीलगत कापला. मग कांदा-काकडीची बशी पुढे केली. कांदा गुलाबी आणि झणझणीत आंबट होता. भावजींनी दोनदा घेतला.

"आंबट कशानं केलात?" वहिनींनी विचारलं.

"घरचंच आहे," म्हणत काकू उठल्या.

वहिनी त्यांना घेऊनच मुद्रितशोधकांच्या घरी आल्या. मुलगी-जावई यायला थोडा अवकाश होता.

"चोराने स्वस्त बाटली नेली आणि तशीच स्वस्त बाटली ठेवली," वहिनी म्हणाल्या. "त्याला मिळालं काय? काहीच नाही. म्हणजे हा चोर नव्हे. कोणाला तरी वाटत होतं की आजच्या दिवशी ही वाइन चांगली लागावी. ती टिकणार नाही हे जावयाने सांगितलं, तेव्हा ऐकणाऱ्या दोघीच होत्या. एकीजवळ दिवस थोडे होते, दुसरीजवळ घराची किल्ली. गाठी शिवणाऱ्या हाताच्या आहेत. काढलेल्या बाटल्या न पिणारी बाई उघडून ठेवते. वाइन आंबून तिचा सिरका होतो. तोच भावजींनी कांद्यातून दोनदा वाढून घेतला."

भावजींनी नकळत ओठ पुसले.

काकूंनी मान खाली घातली. "दर उन्हाळ्यात बदलते. चिठ्ठी तीच बांधते. तुम्हाला कळू द्यायचं नाही, असं कबूल करून घेतलं होतं तिनं. तुम्ही लेबल वाचाल हे आम्हा दोघींच्या डोक्यातच आलं नाही."

"पस्तीस वर्षं मुद्रितशोधकाशी संसार करून?" मुद्रितशोधक हसले, आणि हसताहसताच रडू लागले. "म्हणजे यात तिचं काहीच उरलं नाही."

"चिठ्ठी तिचीच आहे," वहिनी म्हणाल्या. "दुसरी ओळ वाचा."

बेल वाजली. मुद्रितशोधकांनी शुक्रवारचे दोन ग्लास काढले, थोडं थांबले, मग चहाचे होते नव्हते तेवढे सगळे टेबलावर मांडले आणि दार उघडलं. मुलीच्या मागे जावई अवघडून उभे होते.

"ये," ते जावयाला म्हणाले. "बाटली तू उघड. स्वस्तातली आहे, पण ताजी आहे."