गिटारचं प्रस्थान

मनुष्यजातीने आजवर जे जे गमावलं, ते केवळ पॅकिंग नीट न केल्यामुळे गमावलं. साम्राज्यं, संसार, काचसामान, सगळं. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात चौतीस वर्षं काढल्यावर हे वाक्य उच्चारायचा अधिकार मला आहे, असं मी मानतो. निवृत्तीच्या दिवशी ऑफिसने मला भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते मी स्वतः बांधलं, मांडीवर घेऊन रिक्षाने घरी आणलं आणि सोडून पाहिलं, तर काच सात ठिकाणी तडकलेली होती.

तरी मालविकाची गिटार बांधायचं काम माझ्याकडेच आलं, कारण घरात दुसरं कोणी रिकामं नव्हतं.

मालविका माझ्या धाकट्या भावाची मुलगी. तो नागपूरला बँकेत. ती इथे बनारसला, सोनारपुऱ्यात माझ्या घरी राहून विद्यापीठात शिकली. या गावात राहून सतार-सरोद सोडून तिने गिटार धरली, हे मोहल्ल्याने तिला कधी माफ केलं नाही. यंदाच्या माघात पोर्तुगालमधल्या एका संगीतशाळेने तिला बोलावलं. पोचल्यावर तिसऱ्या दिवशी परीक्षा: तीन मास्तरांसमोर वीस मिनिटं, आपापल्या वाद्यावर. पास झाली तर दोन वर्षं राहणं-शिकणं फुकट. नाहीतर परतीचं विमान. सहा वर्षं तिची बोटं या एकाच गिटारवर घडलेली. ती फुटली तर उसन्या वाद्यावर वाजवावं लागणार, आणि उसन्या वाद्यावर परीक्षा देणं म्हणजे दुसऱ्याची कवळी लावून पंगतीला बसणं.

इंटरनेटवर एक टोपीवाला अमेरिकन यावर चाळीस मिनिटं बोलतो. तारा सैल करा. मानेखाली आणि डोक्यामागे कापडाची घडी द्या, कारण गिटार मरते ती मान मोडून. पेटीत काही हलता कामा नये. शक्यतो सामानात देऊ नका, बरोबर आत न्या. आणि हवाई सुंदरीशी हसून बोला. त्याआधीपर्यंत तो बरा होता. हसून बोलल्यामुळे पार्सल वाचल्याचं एकही उदाहरण चौतीस वर्षांत माझ्या पाहण्यात नाही.

माझी बहीण नंदा त्याच्याही वरताण. तिने गिटारच्या पोटावरच्या भोकातून आत डोकावून पाहिलं.

"दादा, आत केवढी जागा आहे! मेतकुटाच्या चार पुड्या आरामात बसतील."

"आत्या, वो डब्बा नहीं है!" मालविका किंचाळली.

"मग एवढं लांब रिकामं पोट नेणार?"

हे कमी होतं म्हणून नंदाने ढुंढिराजला बोलावलं. ढुंढिराज माझा वर्गमित्र. गणितात दोनदा नापास झाला आणि मग ग्रहांचं गणित करू लागला. राजा घाटाच्या वरच्या गल्लीत राहतो. त्याने पंचांग उघडलं, तिकीट पाहिलं आणि चेहरा पाडला. रविवारी पश्चिमेला दिशाशूळ, म्हणजे तिकडे निघणं अशुभ. दिल्ली पश्चिमेला, पोर्तुगाल तर पश्चिमेचं टोकच.

"रविवारचं तिकीट बदल," तो म्हणाला.

"तू विमान कंपनीला पंचांग पाठव. त्यांनी बदललं तर मी बदलतो."

"मग गुरुवारी प्रस्थान ठेवू. सकाळी नऊ बेचाळीस."

प्रस्थान म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही, ते सुखी. मुहूर्त एका दिवशी आणि गाडी दुसऱ्या दिवशी असली, की प्रवाशाची एखादी वस्तू मुहूर्तावर घराबाहेर काढायची आणि दुसऱ्याच्या घरी ठेवायची. माणूस निघाला, असं ग्रहांनी समजायचं. खरोखर निघताना ती वस्तू वाटेत उचलायची. ग्रह इतके बावळट असतील तर त्यांना भ्यायचं कशाला, असं मी विचारलं. ढुंढिराजने ऐकलं नाही. नंदाने सुपारी बांधलेला रुमाल पुढे केला, तर तो म्हणाला, रुमाल नको. ज्याच्यासाठी प्रवास आहे तेच ठेवा.

मालविका हसली. "करने दो ना काका. आत्याला बरं वाटेल."

"नियम एकच," ढुंढिराज म्हणाला. "प्रस्थान ठेवलेलं परत घरात आणायचं नाही."

"आणलं तर?"

"आणायचं नाही."

गुरुवारी नऊ चाळीसला त्याने अशी घाई केली, की मी तारा सैल करायच्या विसरलो. पेटी मीच उचलली. हाताने उचलून वजन सांगणं ही माझी एकमेव विद्या. शंभर ग्रॅमचा फरक पडत नाही. सहा किलो सातशे. ढुंढिराजच्या बाहेरच्या खोलीत पाटावर ती उभी केली, हळदकुंकू वाहिलं. गिटारला कुंकू! मी खोकल्याचं निमित्त करून बाहेर आलो.

दुपारी गल्लीत भाजीवाला आला. मी आणि मालविका मटार निवडत होतो.

"बाबूजी, बिटिया चली गई?" त्याने मला विचारलं.

"चाचा, मैं यहीं हूँ," मालविका म्हणाली.

"हाँ हाँ," तो हसला. पण बघत होता तिच्या डावीकडे, भिंतीकडे. बनारसचा भाजीवाला सकाळी भांग घेतो असं माझं जुनं मत आहे. ते पक्कं झालं.

शुक्रवारी बॅग वजन करायची होती. पद्धत सोपी: आधी आपण वजनकाट्यावर उभं राहायचं, मग बॅग घेऊन, आणि वजाबाकी करायची. मालविका काट्यावर चढली. काटा शून्यावर.

"नीट उभी राहा."

"उभीच आहे, काका."

तिने बॅग उचलली. बावीस किलो. खाली ठेवली. शून्य.

मी स्वतः चढलो. एकाहत्तर. ती पुन्हा चढली. काटा थरथरलासुद्धा नाही. मी काट्याला दोन लाथा घातल्या आणि तो बनवणाऱ्या कारखान्याबद्दल जे बोललो, ते नंदाने ऐकलं नसतं तर बरं झालं असतं.

"काका, मला कालपासून फार हलकं वाटतंय," मालविका म्हणाली. हसत नव्हती.

"उपास कर, म्हणजे आणखी वाटेल."

संध्याकाळी ढुंढिराजच्या बायकोचा, लतिकावहिनींचा फोन आला. "भावोजी, मालूला म्हणावं, येते तर दोन शब्द बोलत जा. काल दुपारभर गिटारपाशी बसली होती, आज पण. पोहे विचारले तर नुसती मान हलवली."

दोन्ही दुपारी मालविका माझ्यासमोर होती: काल मटार निवडत, आज कपड्यांना इस्त्री करत. वहिनींच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन दोन वर्षं लांबलं आहे. मी त्यांना डॉक्टरचं नाव सांगितलं आणि फोन ठेवला.

शनिवारी सकाळी दाढी करताना मला तारा आठवल्या. ताणलेल्या तारा, विमानातली थंडी, लाकूड आकसणार, मान मोडणार. तसाच अर्धवट दाढीने निघालो.

धुकं होतं. राजा घाटावरच्या नावा दिसत नव्हत्या, नुसते नावाड्यांचे आवाज वर येत होते. ढुंढिराजच्या जिन्यात पाय ठेवला आणि वर गिटार वाजताना ऐकू आली. मालविकाचाच तुकडा, परीक्षेचा. तिसऱ्या ओळीत ती नेहमी अडखळते, तिथेच अडखळली. पोरगी माझ्याआधी पोचली आणि मला सांगितलंही नाही, म्हणून मी चिडून चढलो. शेवटच्या पायरीवर वाजणं थांबलं.

खोलीत कोणी नव्हतं. पेटी पाटावर उभी, बंद. तिला आकड्यांचं कुलूप.

"आत्ताच आत गेली, पाणी प्यायला," लतिकावहिनी गहू निवडता निवडता म्हणाल्या.

मी आतल्या पडद्याकडे पाहिलं. मग शहाण्या माणसासारखा खिशातून मोबाइल काढला आणि मालविकाला लावला. कुलपाचा आकडा तिलाच ठाऊक होता.

"हां काका," ती म्हणाली.

कानात म्हणाली. आणि पडद्यामागून म्हणाली.

मी पडदा सारला. चूल, माठ, बंद खिडकी. माठावरचा पेला ओला होता.

"काका? बोला ना." आता फक्त कानात.

"तू कुठे आहेस?"

"घरी. तुमचा दाढीचा साबण मोरीत पडलाय. क्या हुआ?"

मी फोन ठेवला. माणूस घाबरला की फालतू गोष्टी ऐकतो, आणि घाबरलेल्या माणसांचा मला आयुष्यभर तिटकारा आहे. मी पेटी उचलली.

एका हाताने उठेना. दोन्ही हातांनी उचलली. साठच्या आसपास. अंदाज चुकला असं मी मनाशी म्हणालो. चौतीस वर्षांत पहिल्यांदा.

ढुंढिराज दारात आडवा उभा होता. "वेणू, घरी नेऊ नकोस."

"तारा सैल करायच्या आहेत, ढुंढ्या. मान मोडली तर तुझे ग्रह जोडून देणार आहेत?"

"मग तिला इथे बोलाव. नाहीतर तुझ्या ओट्यावर उघड. उंबरा ओलांडू नकोस."

"ओट्यावर माकडं आहेत."

"वेणू, ती निघाली आहे रे."

गणितात दोनदा नापास झालेल्या माणसाच्या डोळ्यांत पाणी होतं. मला कीव आली. त्याला बाजूला केलं.

गल्लीच्या तोंडाशी ई-रिक्षा मिळाली. पेटी शेजारी उभी केली, वर हात ठेवला. केदार घाटाच्या वळणावर रिक्षावाला आरशात बघून म्हणाला, "बाबूजी, बहनजी से कहिए पैर अंदर कर लें."

मी रस्त्याकडे बघत राहिलो.

दार मालविकाने उघडलं. पेटी घेऊन मी उंबऱ्याच्या आत पाय टाकला.

सहा किलो सातशे.

पुढचं सगळं सरळ झालं. मालविकाने माझ्या डोळ्यांसमोर एकेक खुंटी फिरवून सहाही तारा सैल केल्या. मी मानेखाली धाबळीची घडी दिली, डोक्यामागे दुसरी. पेटी हलवून पाहिली. आत काही हललं नाही. मग मालविकाला वजनकाट्यावर उभं केलं. बावन्न. मी नंदाकडे विजयी मुद्रेने पाहिलं. हलकं वाटायचंही थांबलं, मालविका म्हणाली. पोरगी दोन पोळ्या जास्त जेवली.

रविवारी बाबतपूरहून विमान धुक्यामुळे सव्वा तास उशिरा उडालं. नंदा तिच्याबरोबर दिल्लीपर्यंत गेली; तिथे मुलाकडे महिनाभर राहणार होती. काचेपलीकडे मालविका काउंटरवरच्या सुंदरीशी हसून काहीतरी बोलली, आणि गिटार तिच्याबरोबर आत गेली. टोपीवाल्या अमेरिकनाची मी मनातल्या मनात क्षमा मागितली. तेवढीच.

गुरुवारी परीक्षा होती. शुक्रवारी दुपारी अडीचला तिचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे सकाळ होती. मागे खिडकीत चढावरची लाल कौलं, पलंगावर गिटार, एक ओरखडा नाही.

"काका, हो गया! घेतलं मला!"

चौतीस वर्षांत माझं एकही पार्सल मिळाल्याबद्दल कोणी असं ओरडलं नव्हतं. माझे डोळे भरून आले. मी चष्मा पुसायला काढला.

"पण काका, तुम्ही नंतर परत पेटी उघडलीत का?"

"नाही. का?"

"तारा घट्ट होत्या. सूरसुद्धा लावावा लागला नाही. आणि ती तिसरी ओळ आहे ना, जिथे मी अटकते? या वेळी अटकलेच नाही. हात आपोआप गेला. जैसे कोई और..."



"थंडीने तारा ताणल्या असतील," मी म्हणालो. थंडीचा तारांवर काय परिणाम होतो, यावर मी तिला चार मिनिटं व्याख्यान दिलं. घरात मी एकटाच होतो, त्यामुळे कोणी अडवलं नाही.

"काका," ती मधेच म्हणाली. "आत्या परत आली?"

"नाही. का?"

"तुमच्या मागून आत्ता कोण गेलं?"

मी मागे वळलो नाही.

न्हाणीघराच्या दाराची कडी आतून लागली. मग बादली सरकल्याचा आवाज आला.

पडद्यावरची मालविका तोंडावर हात ठेवून ऐकत होती.

आणि आतून तिच्याच आवाजात, जरा कुरकुरत, कोणीतरी म्हणालं, "काका, गीझर लावता का? कधीची थांबलेय."