हरलेल्यानं बोर्ड पुसायचा

हैदराबादच्या सुलतान बाजारातल्या त्या अरुंद दुकानात मला हवा तसला कॅरमचा जड स्ट्रायकर एकच उरला होता, आणि त्यावर दोन हात एकदमच पडले. एक माझा. दुसरा एका उंच, चष्मेवाल्या मुलाचा.

"मी आधी धरला," मी मराठीतच बोलून गेले. राग आला की मला दुसरी भाषा सुचत नाही.

"पण मी आधी बघितला..." तोही मराठीत!

दुकानदार चाचा वैतागले. "अजी, एकीच है. झगडा नक्को. दोनों मिल को खेल लेव."

तो हसला. मी उगाचच ओढणी सारखी केली. स्ट्रायकर मात्र सोडला नाही.

त्याचं नाव अमेय. पुण्याचा, नोकरीसाठी वर्षभरापूर्वी इथे आलेला. मी तेजश्री, बरकतपुऱ्यातच जन्मले, वाढले, आणि आता तिथल्याच बँकेत बसते. स्ट्रायकर मी घेतला, म्हणून भरपाई म्हणून त्याला आमच्या मराठी मंडळाचा पत्ता दिला. दर रविवारी संध्याकाळी तिथे कॅरम असतो. येईल असं वाटलं नव्हतं. आला. दुसऱ्या रविवारीही आला, आणि तिसऱ्या रविवारपर्यंत मी पाचपासूनच दाराकडे बघायला लागले होते.

खेळ झाला की आम्ही मंडळाच्या पायऱ्यांवर चहा प्यायचो. दोघांनाही एकच वेड निघालं – प्रेमाचे हलकेफुलके सिनेमे, आणि त्यात खेळ असेल तर दुधात साखर. मग काय, पटायला हरकत नव्हती. पण कुठलं!

"तो सीन असतो ना," अमेय म्हणाला, "हिरो मागे उभा राहून हिरॉइनला बॅट धरायला शिकवतो..."

"ई! माझ्या हातात बॅट दिली असती, तर पहिला फटका त्याच्या नडगीवर."

"बरं, फायनल सोडून तो तिच्यासाठी एअरपोर्टवर पळतो तो?"

"आणि बाकीच्या दहा जणांनी काय करायचं जी? त्यांच्या आया टीव्हीसमोर बसल्यात की!"

तो इतका हसला की बशीत चहा सांडला. "मग तुला आवडतं तरी काय?"

"दोघं समोरासमोर खेळतात... आणि शेवटपर्यंत कुणी कुणाला सोडत नाही. तसला."

"तसं नसतं. शेवटी एक जण मुद्दाम हरतो. तेच तर प्रेम, वेडे."

मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. पण तो 'वेडे' म्हणाला होता ना... माझं लक्ष तिथेच अडकलं.

मंडळाच्या स्पर्धेत उपांत्य फेरीत आमचीच गाठ पडली. खेळ संपला की त्याला सांगायचं, असं मी ठरवून आले होते. शब्दसुद्धा जुळवले होते. शेवटच्या बोर्डात राणी त्याच्याकडे, आणि त्याची एकच सोंगटी उरलेली, पॉकेटच्या अगदी तोंडाशी. फुंकर मारली तरी पडली असती. अमेयनं स्ट्रायकर लावला, माझ्याकडे बघितलं, आणि... दोन बोटं बाजूनं मारला.

माझ्या तीन सोंगट्या होत्या. मी त्या घेतल्या. टाळ्या पडल्या.

आमच्या मंडळात हरलेल्यानं बोर्ड पुसायचा असतो. अमेय खुशीत फडकं घेऊन उठला. मी ते त्याच्या हातातून ओढून घेतलं.

"हरलेल्यानं पुसायचा. तू हरला नाहीस."

"तेजू, मला वाटलं, तुला आवडेल..."

"लहानपणी बाबा माझ्याशी मुद्दाम हरायचे. मला वाटायचं, मी फार भारी खेळते. पहिल्याच स्पर्धेत दहा मिनिटांत बाहेर पडले, घरी येईपर्यंत रडत होते. तेव्हापासून कुणी मला जिंकवलेलं चालत नाही. आज हे खोटं खेळलास, उद्या आणखी कशात खोटं बोलशील, मला कसं कळणार?"

जुळवलेले शब्द तसेच राहिले. मुकुंदरावांना, म्हणजे आमच्या कार्यवाहांना, मी फायनल खेळणार नाही म्हणून सांगितलं आणि घरी आले. तो आठवडा फार वाईट गेला. फोन दहादा हातात घेतला, दहादा ठेवला.

रविवारी मंडळात पाऊल टाकलं, तर अमेय सगळ्यांसमोर उभा. कान लाल झालेले.

"मी मुद्दाम चुकलो होतो," तो म्हणत होता. "तिचा काही दोष नाही. सामना परत घ्या, नाहीतर मला बाद करा."

मुकुंदरावांनी कपाळावर हात मारला. "तीस वर्षांत असला येडेपणा बघितला नाही जी! बसा दोघं. आधी हे उरका, फायनल पुढच्या रविवारी."

त्या दिवशी तो माझ्याकडे एकदाही बघत नव्हता. फक्त बोर्डाकडे. मी जीव तोडून खेळले, तोही. शेवटची सोंगटी त्यानं मागच्या कडेवरून आपटवून थेट पॉकेटात घातली. पंचवीस–बावीस. अमेय जिंकला, आणि चेहरा असा, जणू आता त्यालाच बाहेर काढणार आहेत.

मला राग आला. खरंच आला, हरायला कुणाला आवडतं? आणि त्या रागाखालून काहीतरी इतकं हलकं वाटलं की डोळेच भरले. मी फडकं घेतलं आणि बोर्ड पुसायला लागले.

"मदत करू?" तो हळूच म्हणाला.

"नक्को. मी हरलेय." पावडर झटकत मी म्हटलं, "मागच्या रविवारी एक सांगायचं राहिलं होतं."

"काय?"

"तू मला आवडतोस. फार."

त्यानं चष्मा काढून उगाचच पुसला, परत घातला, तर त्यावर पावडरचा ठसा. मी पिशवीतून सुलतान बाजारातला तो स्ट्रायकर काढून त्याच्या तळहातावर ठेवला.

"फायनल याच्यानं खेळ."

"आणि हरलो तर?"

"मुद्दाम हरलास, तर एकट्यानं पुसायचा," मी म्हटलं. "खेळून हरलास... तर मी आहे की पुसायला."