बिनघंटीच्या सायकली

आधीच सांगतो, ही रात्रीची गोष्ट नाही.

अमावास्या नव्हती, दिवे गेले नव्हते, कुणी दारू प्यायलेलं नव्हतं. गेल्या वर्षीच्या डिसेंबरातला दुसरा शनिवार, दुपारचे अडीच वाजलेले, आणि मिठबावच्या मागच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, डोळे दिपतील असं ऊन. ज्याला पटेल त्यानं घ्यावी. पण ज्याच्या बाबतीत घडली तो केयूर माझा सख्खा मावसभाऊ आहे. एरवी थापा मारण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. ही गोष्ट सांगताना मात्र तो एकदाही हसला नाही.

केयूर मिठबावात पर्यटकांसाठी दोन खोल्या चालवतो. दोन वर्षांपूर्वी त्यानं बॅटरीवरच्या चार सायकली घेतल्या. जाड टायरच्या, भक्कम. पाय मारला की मोटर मदत करते, चढ कुठे आला नि कुठे संपला कळत नाही. आणि आवाज...

आवाज अजिबात नाही.

घंट्या होत्या, पण खडीवर त्या आपोआप किणकिणायच्या. जंगलात पक्षी बघायला आलेले पाहुणे वैतागायचे. म्हणून केयूरनं स्वतःच्या हातांनी चारही घंट्या काढल्या आणि बिस्किटांच्या डब्यात टाकल्या. एवढीशी गोष्ट. पण आज तो म्हणतो, "सगळं तिथूनच सुरू झालं."

त्या शनिवारी तिघं निघाले. केयूर, सलोनी आणि सुशांत. शाळेपासूनचं त्रिकूट. सलोनी ओरोसला नोकरीला, शनिवार-रविवार गावी येते. सुशांत मात्र दीड वर्ष घरीच होता.

त्याचं कारण केयूर होता.

कुणकेश्वरहून येताना केयूरची मोटरसायकल वळणावरच्या खडीवर घसरली होती. केयूरला खरचटलं. मागे बसलेल्या सुशांतच्या उजव्या पायात सळी घालावी लागली आणि पाय दीड इंच आखूड झाला. तेव्हापासून तो चालायला लागला की घरभर कळायचं. टप... खर्रर्र. टप... खर्रर्र. एक पाऊल टेकायचं, दुसरं फरफटायचं.

सुशांतनं कधी एका शब्दानं दोष दिला नाही. त्यामुळे केयूरला जास्तच लागायचं. पायाला फार जोर न लावता चालवता येईल अशी सायकल हाताशी आल्यावर सुशांतला पुन्हा सड्यावर न्यायचं, हे त्यानं मनाशी धरून ठेवलं होतं.

सुशांतची आई, सावित्रीकाकी, फाटकापर्यंत आली. एकुलता एक मुलगा.

"केयुरा, तुझ्या भरवशार सोडतंय हां," ती म्हणाली. "गेल्या खेपेक तू एकटोच चालत इलंस."

केयूरचा चेहरा उतरला. "काकी, दिवेलागणीच्या आधी तेका घराक आणतंय. माझो शब्द."

"आये, मी काय पाळण्यातलो आसंय?" सुशांत हसत म्हणाला आणि सायकलवर चढला.

चिऱ्यांच्या खाणीकडे जाणारा खडीचा रस्ता, मग कातळ, मग पलीकडे उतरणारी राईतली पायवाट, आणि खाली ओहोळ ओलांडला की कुणकेश्वरच्या बाजूची काजूची बाग. असा रस्ता ठरला होता. तिथून डांबरी रस्त्यानं परत.

केयूर सुशांतला मधे ठेवणार होता. सुशांतनं ऐकलं नाही.

"माका मागे ऱ्हवांदे. पुढे असलंय की तुमी दोघां सारखी माझ्या पायाकडे बघतास."

पुढे केयूर, मधे सलोनी, शेवटी सुशांत. केयूर मागे वळून बघत नव्हता. ऐकत होता. बिनआवाजाच्या सायकलचा एक फायदा असतो, खडीवर सायकली किती हे कानाला मोजता येतं. तीन सायकलींचे तीन आवाज. तिसरा येतोय, म्हणजे सुशांत येतोय. त्याला बरं वाटत होतं. कितीतरी दिवसांनी सुशांत मागून मोठ्यानं गात होता, आणि बेसूर.

राई लागली तिथे वाटेच्या तोंडाशी एक पालथा चिरा आहे. लहानपणी केयूर आजोबांबरोबर इथून जायचा, तेव्हा त्या चिऱ्यापाशी आले की आजोबा जोरात खाकरायचे. केयूरला वाटायचं, विडीचा खोकला.

तिघं चिऱ्याजवळून तसेच आत शिरले.

आत एकदम गार. पाचोळ्याचा जाड थर. टायरांचा आवाज आता वेगळा, कुरकुरीत. सुशांतचं गाणं थांबलं होतं. पाखरंही...

पाखरंही बोलत नव्हती.

आणि केयूरच्या पुढच्या चाकाखाली काहीतरी मऊ आलं.

दगड नाही. मूळ नाही. मऊ. सायकल अलगद वर उचलली गेली आणि खाली आली. मागोमाग सलोनीचीही तशीच उडाली.

"काय होतां रे ता?" सलोनी ओरडली.

केयूर थांबला. मागे वाट मोकळी होती. नुसता पाचोळा. तोही दबलेला नव्हता.

मग त्याच्या लक्षात आलं, तिसरा आवाज येत नाहीये.

"सुशांत?"

काही नाही.

दोघं वळून मागे गेले. शंभरएक पावलांवर सुशांतची सायकल वाटेच्या मधोमध स्टँडवर नीट उभी होती. हँडलला हेल्मेट अडकवलेलं. स्क्रीन चालू, बॅटरी शहात्तर टक्के. पडल्याची खूण नाही, रक्त नाही, माणूसही नाही.

"सुशांत! ओ दी रे!" सलोनीचा आवाज चिरकला.

दहा मिनिटं त्यांनी हाका मारल्या. केयूरच्या डोळ्यांसमोर एकच चित्र, फाटकाशी उभी सावित्रीकाकी आणि पुन्हा एकटाच परतणारा तो.

तेवढ्यात मागून, राईच्या खोल आतून, अगदी बारीक आवाज आला.

टप... खर्रर्र.

टप... खर्रर्र.

केयूरचा जीव भांड्यात पडला. गडी लघवीला गेला असणार नि वाट चुकला असणार. तो त्या दिशेला हाक मारणार, इतक्यात...

"चला. उशीर होता."

आवाज पुढून आला. उताराच्या बाजूनं. सुशांत वाटेत उभा होता. कपडे स्वच्छ, चेहरा शांत, घामाचा थेंब नाही.

"खंय होतंस रे मेल्या?" सलोनी रडायच्या बेतात होती.

"हंयच," तो म्हणाला.

मागून अजून तो आवाज येत होता. टप... खर्रर्र. आणि माणूस तर समोर उभा. केयूरनं मला हे सांगितलं तेव्हा तो माझ्याकडे बघत नव्हता. "मागे आवाज होता आणि पुढे माणूस. मी माणूस धरला. तू काय केलं असतंस?"

मीही तेच केलं असतं.

सुशांत सायकलवर बसला आणि सगळे निघाले. राई संपून ओहोळाकाठची खडी लागली. केयूर सवयीनं ऐकायला लागला. त्याची सायकल. सलोनीची सायकल.

आणि...

त्यानं वळून पाहिलं. सुशांत दहा हातांवर होता. चाकं फिरत होती, खडीवरूनच फिरत होती. पण आवाज दोनच सायकलींचा होता.

काजूच्या बागेत बाबलीकाका राखणीला असतो. सत्तरीचा म्हातारा, कान अजून तिखट. तो झाडाखालून उठून आला आणि त्यानं आधी सायकलींकडेच पाहिलं.

"घंटी खंय ह्यांची?"

"काढलंय, काका."

"रायेत शिरताना खाकारलास? चिऱ्यार काठी तरी मारलास?"

केयूरनं नकारार्थी मान हलवली.

"अरे, ती तेची वाट," बाबलीकाका खालच्या आवाजात म्हणाला. "बैलांका घुंगूर असायचे. फटफटीचो आवाज कोसावर जाता. माणूस खाकारता. आवाज केल्यार तो बाजूक होता, वाट देता. कोणाक काय करना नाय. तुमी मुक्यानं गेलास म्हणजे तेच्या आंगावर गेलास."

"तेच्या म्हणजे कोणाच्या?" सलोनीनं विचारलं.

म्हातारा सुशांतकडे बघत होता. सुशांत सायकल लावून वाळक्या काजूच्या पानांवरून पाण्याच्या घागरीकडे चालत गेला. सरळ. दोन्ही पाय सारखे टाकत.

एक पान वाजलं नाही.

सूर्य बुडायच्या आत ते सावित्रीकाकीच्या फाटकाशी पोचले. सुशांत उतरला आणि अंगणातल्या खडीवरून ताठ चालत ओटीवर गेला. काकी बघतच राहिली. मग तिनं त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि हमसून रडली.

"केयुरा, तुझे उपकार फेडूचे कशे रे?"

केयूरनं शब्द पाळला होता. दिवेलागणीच्या आधी मुलगा घरी, तोही धड पायानं. त्यानं आनंद मानायला हवा होता. त्याऐवजी घरी येऊन त्यानं सायकली चार्जिंगला लावण्याआधी स्क्रीन पाहिले. त्याची चौतीस टक्के. सलोनीची एकोणचाळीस.

सुशांतची शहात्तर.

राईत मोकळी उभी होती तेव्हा जेवढी, तेवढीच. पुढे दहा किलोमीटर त्या सायकलवर कुणी बसलंच नसावं तशी.

केयूरनं त्याच रात्री चारही घंट्या परत बसवल्या. बैल गेला नि झोपा केला. डॉक्टर म्हणाले, कधी कधी हाड जुळवून घेतं. गाव म्हणालं, कुणकेश्वराची कृपा. सलोनीनं मात्र सुशांतच्या घरी जाणं सोडलं. कारण सांगत नाही.

जानेवारीत बाबलीकाकाचा फोन आला.

"तुझो तो दोस्त पूर्वी लंगडायचो मां रे? रोज तिन्हीसांजेक रायेत कोणतरी चलता. दिसणा नाय. नुसतो आवाज... टप आणि खर्रर्र."

फेब्रुवारीत म्हातारा म्हणाला, राईतला आवाज थांबला. केयूरला हायसं वाटलं. मग चिऱ्यांच्या खाणीवरचे कामगार संध्याकाळी लवकर घरी जाऊ लागल्याचं कानावर आलं. शिमग्याच्या सुमारास सड्यावरून गुरं आणणाऱ्या बाईनं तोच आवाज ऐकला, गावाच्या अलीकडे.

केयूरनं मनातल्या मनात अंतर मोजलं. आखूड पाय. वाटेत दगड. रोज थोडं थोडं.

कोणीतरी घरी येत होतं.

एप्रिलातल्या एका मंगळवारी आंब्याच्या पेट्या भरून झाल्यावर केयूर सावित्रीकाकीकडे गेला. जाणं टाळवत नव्हतं आणि जाववतही नव्हतं. ओटीवर समोर सुशांत बसलेला, नेहमीसारखा शांत. हल्ली तो गात नाही. कप बशीत ठेवतो तोही वाजत नाही. काकीनं तुळशीपाशी दिवा लावला आणि चहा ओतायला घेतला.

फाटकाबाहेरच्या पाणंदीतून आवाज आला.

टप... खर्रर्र.

टप... खर्रर्र.

काकीचा हात तसाच थांबला. दीड वर्ष रोज ऐकलेलं पाऊल. आई ती. तिनं ओटीवर बसलेल्या मुलाकडे पाहिलंसुद्धा नाही. फाटकाकडे बघत ती हळूच म्हणाली,

"सुशांत इलो..."

ओटीवरचा सुशांत हलला नाही. नेहमीच्याच आवाजात म्हणाला, "केयूर, फाटकाक कडी घाल."

केयूर उठला. तो शपथेवर सांगतो, तो उघडायला उठला होता. त्यानं शब्द दिला होता, सुशांतला घरी आणीन म्हणून. अंगण ओलांडून तो फाटकाशी पोचला आणि आवाज पलीकडे येऊन थांबला. मधे फक्त लाकडाच्या चार फळ्या. फटीतून दिसत काहीच नव्हतं. दमलेल्या माणसाचा श्वास ऐकू येत होता.

केयूरला भीती वाटली, बस. दुसरं काही कारण नाही.

त्यानं कडी घातली.

आणि मग...

पलीकडे कुणीतरी खाकरलं. दुसऱ्याच्या दारात आल्यावर, आत येऊ का विचारण्याआधी, माणूस खाकरतो तसं.

आता रोज तिन्हीसांजेला ते खाकरणं ऐकू येतं. काकी त्या वेळी तुळशीपाशी फाटकाकडे पाठ करून बसते. ओटीवरचा सुशांत आवाज न करता चहा पितो. कडी काढायला कुणी उठत नाही. केयूरसुद्धा नाही. परवा मी त्याच्याबरोबर गेलो होतो, खोटं कशाला सांगू, मीही ऐकलं आणि मीही बसून राहिलो.

परत येताना केयूर एवढंच बोलला.

"एकदा राईत, एकदा फाटकाशी. दोनदा मी त्याला रस्त्यातच ठेवलं रे."