शून्यपट्टी

चौथ्या बोगद्याच्या टोकाला पूर्वी खाणीतले सुरुंगाचे सामान ठेवत. आता तिथे उन्हाळवस्तीची गंधशाळा होती आणि विशाखा रामटेके तिथे एका स्टुलावर बसून माणसांचा घाम हुंगत असे. हे काम ऐकून लोक हसत. घरातल्या लग्नाच्या पत्रिकेत तिचा हुद्दा काय छापणार, असे तिला एका चुलत दिराने विचारलेही होते. पण नऊशे माणसांचा जीव त्या नाकावर टांगलेला होता आणि गेल्या महिन्यापासून कुणी हसत नव्हते.

चंद्रपूरचा पारा बावन्नच्या वर चढू लागला, तेव्हापासून मार्च ते जून माणसे या बंद पडलेल्या कोळसा खाणीत उतरून राहत. खालचे तापमान अडतीस अंश. अडतीस अंशांत माणूस तगतो तो फक्त घामाच्या जोरावर. घाम थांबला की दोन दिवसांत ताप बेचाळीसवर जातो आणि मग डॉक्टरांच्या हाती काही उरत नाही. देवाजी कुमरे आणि पुष्पा चिकाटे असेच गेले होते. दोघांच्याही घामाला आधी वीस दिवस एक विचित्र वास येत होता. चिंचेने पितळ घासताना येतो, तसा.

"सगळ्यांना वाटतं, वास घामाला असतो," डॉ. हेमंत येरणे त्यानंतरच्या पहिल्याच बैठकीत वस्तीच्या पंचांना समजावत होते. येरणे हे वस्तीचे जंतुशास्त्रज्ञ. माणूस बारीक, पण बोलायला लागला की थांबत नसे. "ताजा घाम बिनवासाचा असतो. कातडीवरचे जंतू तो खातात आणि वास सोडतात. जंतू बदलला की वास बदलतो. इथल्या दमट उष्म्यात बगलेतला एक साधा जंतू बिघडलाय. तो आता घामावर भागवत नाही, घामाच्या ग्रंथीचं अस्तर कुरतडतो. ग्रंथी बुजतात. याला मी घर्मरोध म्हणतो."

"पण घाम तर कशानंही वास मारतो ना जी?" एका पंचाने विचारले.

"मारतो ना," विशाखा म्हणाली होती. "साखर वाढली की पिकल्या फळासारखा. मूत्रपिंड थकलं की मुतारीसारखा. काल एक आजोबा रडत आले, घामाला गुळाच्या पाकाचा वास येतो म्हणून. मेथीचे अकरा लाडू खाल्ले होते त्यांनी. त्यांना तुरटी दिली, लाडू काढून घेतले. पितळेचा वास मात्र तुरटीनं जात नाही."

त्यावर औषध होते. येरण्यांनी जंतूंनाच खाणारे विषाणू वाढवून एक पातळ द्रव केला होता, भक्षकद्रव. तो एकवीस दिवस अंगाला चोळायचा. ग्रंथी पूर्ण बुजायच्या आत चोळला तर माणूस वाचे. नंतर चोळून उपयोग नव्हता. साठ माणसांपुरताच द्रव होता, म्हणून कुणाच्या घामाला तो वास येतो आणि कुणाच्या नाही, हे अचूक कळणे हाच सारा खेळ होता.

माणसाचा घाम टिपलेली कापसाची एक पट्टी चिमट्याने उचलायची, नाकाखालून न्यायची, नोंद करायची आणि मग स्वतःच्या कोपराच्या आतल्या घडीत नाक खुपसून खोल श्वास घ्यायचा. ही जुन्या अत्तरवाल्यांची युक्ती. नाक सवयीच्या वासाकडे लक्षच देत नाही, आणि स्वतःच्या कातडीइतका सवयीचा वास दुसरा नाही. त्यामुळे स्वतःच्या हाताचा वास म्हणजे वास नसणे. तिथून पुन्हा मोजायला सुरुवात करायची.

विशाखा कांदा, लसूण, चहा, अत्तर, सुवासिक साबण यातले काही शिवत नसे. तिचा घाम सगळ्या वस्तीत निर्मळ. म्हणून येरण्यांनी आपल्या गंधमापक यंत्रालाही तोच आधार दिला होता. रोज सकाळी विशाखाच्या हातावरची कापसाची पट्टी यंत्रात घालायची, यंत्राला सांगायचे की हे शून्य, आणि मग बाकीच्यांचा घाम त्याच्याशी ताडून बघायचा. त्या कापसाला ते शून्यपट्टी म्हणत. विशाखाला त्याचा मनातून फार अभिमान होता. तिचा घाम म्हणजे सगळ्यांचे माप!

खालच्या मुक्कामाच्या चव्वेचाळिसाव्या दिवशी ते घडले. सकाळी वेणी घालताना तिने सवयीने मैत्रेयीच्या मानेशी नाक नेले आणि तिचा हात कंगव्यासकट थिजला. चिंच. पितळ. मुलगी चौदा वर्षांची, समोर आरसा धरून बसलेली.

"काय झालं आई? ओढून राहिली ना तू केस."

"काही नाही," ती म्हणाली. नवरा गेल्यापासून तिच्याजवळ ही एकच पोर होती.

त्याच दिवसापासून तिने स्वतःच्या हाताने मुलीला भक्षकद्रव चोळायला सुरुवात केली. मान, पाठ, बगला. रात्री तिला कुशीत घेऊन झोपायची. येरण्यांनी टोकले, अंतर ठेवा म्हणाले. तिने ऐकून न ऐकल्यासारखे केले, आणि कोणत्या आईने ऐकले असते?

अठ्ठेचाळिसाव्या दिवसापासून वास उतरू लागला. आधी मैत्रेयीचा थोडा मंद वाटला. दुसऱ्या दिवशी तोवर वास लागलेल्या एकूण एकतीसही माणसांचा मंद. यंत्राचा आलेखही तिच्या नाकाबरोबर खाली येत होता. बावन्नाव्या दिवशी तिने सगळ्या पट्ट्या हुंगल्या, प्रत्येक वेळी कोपरात नाक घालून पुन्हा हुंगल्या आणि हुंदका देऊन रडली.

"एकही नाही, सर. एकही नाही!"

येरण्यांनी यंत्र पाहिले. शून्य, शून्य, शून्य. त्यांच्या कपाळावर एक आठी पडली. "पण उशिरा सापडलेल्या या सहा जणांना तर आपण द्रव अजून दिलाच नव्हता. त्यांचाही गेला?"

"घरातल्या इतरांना चोळलाय ना, त्यांच्या अंगावरून गेला असेल."

येरणे विचारात पडले, मग हसले. विषाणू अंगावरून अंगावर जातात, हे त्यांनीच तिला शिकवले होते. आठी गेली. आनंदाला कारण शोधावे लागत नाही, शंकेला लागते, आणि त्या सकाळी शंका घ्यायला कुणी तयार नव्हते.

घुग्घुसच्या उन्हाळवस्तीत तोच रोग पसरला होता. तिथून रोज फोन येत. उरलेला सगळा भक्षकद्रव तिकडे द्यायचे ठरले. नुसता द्रव कसा द्यायचा? तिथल्या यंत्राला शून्य कुठून मिळणार? म्हणून विशाखाने दोन रात्री हाताला कापूस बांधून चाळीस शून्यपट्ट्या केल्या, बरण्यांत भरल्या, आणि प्रत्येकीवर आपले नाव लिहून सही केली. तुळशीराम मडावी हा खाणीच्या तोंडाशी, वरच्या जाड भिंतींच्या खोलीत राहणारा पिंजरेवाला; माणसे-सामान खाणीत वर-खाली नेणारा लोखंडी पिंजरा तोच चालवी. त्याने पिंजरा वर ओढून द्रवाची आणि बरण्यांची पेटी घेतली आणि रात्रीच्या गाडीने पाठवून दिली. मैत्रेयीचे औषध दहाव्या दिवशी थांबले. निर्मळ झालेल्या मुलीला ते चोळायचे कशाला?

वस्तीत गोडाचा शिरा झाला. मेथीच्या लाडवांचे आजोबाही दोन वाट्या घेऊन बसले होते.

सत्तावन्नाव्या दिवशी मैत्रेयी शाळेच्या बोगद्यातून आली, ती हसतच. "आई, गंमत पाय. सगळ्या पोरी घामानं चिंब झाल्या, अन् मले आज घामच नाई आला."

"बरं झालं ना मग," विशाखा म्हणाली. तिने मानेशी नाक नेले. निर्मळ. पण हे वाक्य रात्रभर तिच्या डोक्यात कुठेतरी टोचत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोगद्यांत हवा खेळवणाऱ्या पंख्याचा पट्टा तुटला आणि तो बदलायला तुळशीराम सव्वा महिन्यात पहिल्यांदा खाली उतरला. पिंजऱ्याचे दार उघडले. विशाखा त्याला पाणी द्यायला पुढे गेली, तर तो दोन पावले मागे सरला. त्याने गळ्यातला दुपट्टा ओढून नाकावर धरला.

"काय झालं, तुळशीरामभाऊ?"

"राग नका मानू, ताई," तो संकोचून म्हणाला. "पण काय वास मारून राहिला जी इथं! सणावाराचं पितळ काढलं का साऱ्यांनी घासाले?"

विशाखाच्या हातातला पेला खाली पडला.

ती धावतच गंधशाळेत गेली. कपाटात, मेण लावून बंद केलेल्या बरणीत, देवाजी कुमरेची पट्टी होती. मेलेल्या माणसाची शेवटची पट्टी, बोगदाभर घुमेल इतकी उग्र. बरणी उघडली की वास उडून जायचा, म्हणून ती आजवर कुणी उघडली नव्हती. तिने मेण नखांनी खरवडून काढले आणि बरणी नाकाशी धरली.

काहीच नाही. नुसता कापूस.

"सर," ती म्हणाली. येरणे मागे येऊन उभे होते, तुळशीराम दारात. "याला वास नाही."

"उडून गेला असेल."

"तुळशीरामभाऊ, हे हुंगा."

तुळशीरामने बरणीजवळ नाक नेले आणि तोंड फिरवले. "हाच, हाच वास जी."

विशाखाने बाही वर सारली. हात पुढे केला. "अन् हा?"

त्याने लांबूनच हुंगून पाहिले. मग हळूच म्हणाला, "ताई, तुमच्या हाताले तर त्याहून जास्त येऊन राहिला."

येरण्यांनी यंत्राकडे पाहिले. त्यांना सांगावे लागले नाही. वस्तीतला वास उतरलाच नव्हता. तो चार दिवसांत विशाखाच्या कातडीवर चढला होता. जसजसा तिच्या कोपरात भरत गेला, तसतसा इतरांचा तिला येईनासा झाला. यंत्रही बिचारे इमानाने तिच्याच पट्टीशी ताडून बघत होते. जिथून मोजायला सुरुवात करायची, ती जागाच आजारी पडली होती.

"औषध न घेतलेले ते सहा जण," येरणे पुटपुटले. "ते माझ्या डोळ्यांसमोर होते. अन् मी मिळालेलं कारण मानून घेतलं."

"घुग्घुस!" विशाखा ओरडली. "द्रव परत मागवा, सर. वीस दिवसांतले मैत्रेयीचे अजून सहा-सात दिवस आहेत. पुरतील."

येरण्यांनी फोन लावला. पलीकडून तिथल्या गंधशाळेच्या बाईंचा आवाज इतका मोठा होता की खोलीत सगळ्यांना ऐकू गेला.

"अहो, आम्हीच लावणार होतो फोन! तुमच्या शून्यपट्ट्या यंत्रात घातल्या, अन् काय सांगू डॉक्टर, आमच्याकडंही सारे निर्मळ! एकालाही नाही. तुमच्या रामटेकेताईंचे उपकार आहेत. द्रव फोडलासुद्धा नाही आम्ही. आज पहाटे तसाच पुढं वणीच्या वस्तीला पाठवला, पट्ट्यांसकट."

"थांबवा! ती गाडी थांबवा," येरणे ओरडले. "त्या पट्ट्या..." आणि ते समजावू लागले. पलीकडचा आवाज हळूहळू लहान होत गेला. वणीचा फोन लागत नव्हता. वर ऊन बावन्न अंशांकडे चढत होते आणि या उन्हात गाडी काढायला कुणी धजावत नसे.

"मी जातो," तुळशीराम म्हणाला. पट्ट्याचे सामान त्याने तिथेच टाकले.

"भाऊ, कुणाला हात लावू नका," विशाखा म्हणाली. "इथं जास्त थांबू नका. थोड्या वेळानं तुम्हालाही वास यायचा बंद होईल. या घडीला तीन वस्त्यांत मिळून तुमचं एकच नाक शाबूत आहे."

पिंजरा कुरकुरत वर गेला. त्याचा आवाज संपेपर्यंत ती ऐकत उभी राहिली. मग शाळेच्या बोगद्याकडे निघाली, आधी चालत, मग पळत.

मैत्रेयी बाकावर डोके टेकून बसली होती. शेजारच्या मुलींचे केस कपाळाला चिकटले होते. तिचे मात्र कोरडे, भुरभुरत होते.

"आई, डोकं जड झालं गं. अंग तापून राहिलं."

विशाखाने तिच्या कपाळावर तळवा ठेवला. चुलीवरून नुकत्याच उतरवलेल्या भाकरीसारखे ते कोरडे आणि कढत होते. तिने मुलीला ओढून छातीशी धरले. अजून वेळ आहे, अजून वेळ आहे, असे ती मोठ्याने म्हणत होती. आणि इतकी वर्षे रोज करत आली तसे, नकळत, तिने तिच्या मानेशी नाक नेऊन खोल श्वास घेतला.

कसलाच वास आला नाही. मुलगी अगदी निर्मळ होती.