अठरा घरांचं घर

जत्रेला चार दिवस उरले होते आणि गुरुदास मास्तर दारोदार मागत फिरत होता. भीक नव्हे हो, जत्रेतल्या देखाव्यासाठी घराचा एखादा तुकडा, उसना. मालवणपासून चार कोसांवरच्या त्या वाडीत साठ-एकसष्ट साली असलं कुणी ऐकलंही नव्हतं. पण शाळेत चित्रकला शिकवणारा, मुंबईला शिकून आलेला माणूस; त्याचं सगळंच जगावेगळं, असं म्हणून लोकांनी दिलं. कुणी न्हाणीचं दार, कुणी खिडकीची झडप, कुणी माडाचे झाप, कुणी छपराचे जुने नळे. अठरा घरांच्या वस्तूंचं एक घर त्याने देवळामागच्या माळावर उभं केलं.

खरं कारण त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी त्याने आईला, सुभद्राला, मुंबईला नेलं आणि मागे राहणार कोण म्हणून इथलं घर मोडून टाकलं. चाळीतल्या खोलीत तिने महिनाभर परत नेण्याचा एकच धोशा लावला होता, "माका माझ्या घराक व्हर." तिथेच ती गेली. नंतर तो वाडीत परतला, भाड्याच्या खोलीत राहू लागला. पण ते शब्द जिवाला लागले ते लागलेच.

तिन्हीसांजेला त्याने त्या घरात दिवा लावला. शेजारची काशीबाई दाराशीच थबकली.

"दिवो लावलंस? मगे आत रवतला कोण?"

"कोण नाय, काकी. नुसतो देखावो."

"रिकाम्या घरात दिवो लावू नये रे..."

जत्रा सरली. सकाळी लोक आपापल्या वस्तू न्यायला आले, तर आतली जमीन ओली. ताज्या शेणाचा वास. सारवणात बोटांच्या कमानी उठलेल्या आणि प्रत्येक कमानीत मधल्या बोटाची रेघ नाही. सुभद्राचं ते बोट विळीवर गेलं होतं, हे साऱ्या वाडीला ठाऊक होतं.

बाई सारवते ती आतल्या कोपऱ्यापासून, मागे सरकत, आणि उंबऱ्यापाशी संपवते. हे सारवण उंबऱ्यापासून सुरू होऊन आतल्या कोपऱ्यात संपलं होतं. ओल्या जमिनीवर एकही पाऊल नव्हतं.

"सारवणारी भायर इलीच नाय..." काशीबाई पुटपुटली.

"माझी आवस ती," गुरुदास म्हणाला. "घर रवांदे, मोडू नकात..."

पण माणसं भ्याली होती. भिणार नाहीत तर काय करतील? "आमचां दार आमका दी," न्हाणीचं दार देणारा बाबली खाली मान घालून म्हणाला. तिचं घर आपण दुसऱ्यांदा मोडतोय हे कळत होतं, तरी पहिला खिळा गुरुदासनेच उपटला. चार माणसांपुढे त्याचा धीर खचला.

दुसऱ्या दिवशी अठराही घरांत ओटीची जमीन सारवलेली निघाली. उंबऱ्यापासून आत, मधलं बोट नसलेल्या हाताने. कुणी बोभाटा केला नाही. सारवण संपलं होतं त्या कोपऱ्यात काशीबाईने तिला बसायला पाट मांडला. मग बाकीच्यांनीही मांडले.

गुरुदासच्या खोलीतली जमीन तेवढी कोरडी होती.

तेव्हापासून तो रोज तिन्हीसांजेला दिवा लावतो आणि शेण कालवलेली बालदी उंबऱ्याच्या आत ठेवतो. सकाळी बालदी रिकामी असते. अठरांतल्या कुठल्यातरी घराची ओटी ओली असते; त्याची जमीन कोरडीच असते.