तीनशे बारा सरू

थंडीआधी झाडांच्या बुंध्यांना कमरेएवढा चुना फासला, की कीड चढत नाही. बागोंग डोंगराच्या उतारावर बियानने स्वतःच्या हाताने तीनशे बारा सरू लावले होते. सकाळी बायकोच्या हातचं गरम टोफू चापायचं आणि चुन्याची बादली घेऊन डोंगर चढायचा. सत्तरीत माणसाला आणखी काय हवं?

यंदा मात्र मोजून तीनशे बारा झाडांना चुना लावून झाला, तरी सात बुंधे कोरेच राहिले. त्याने तेही रंगवले. दुसऱ्या दिवशी आणखी एकवीस कोरे, तेही खालच्या रांगेच्या खाली, गावाच्या बाजूला. माती कुठेच उकरलेली नव्हती. त्यांनाही त्याने चुना फासला.

घरी सांगितलं तर बायको, हुइझू, हसत सुटली. "झालं! गवत-झाडं, सगळे शिपाई!"

हे बोलणं इथलंच. सोळाशे वर्षांपूर्वी उत्तरेहून चालून आलेला राजा शौशियान शहराच्या तटबंदीवर उभा राहिला आणि समोरच्या बागोंगवरचं गवत, झाडं त्याला शत्रूची फौज वाटली. पुढे फेई नदीकाठी त्याची दाणादाण उडाली. तेव्हापासून उगाच भिणाऱ्याला सगळा देश हेच ऐकवतो.

हुइझूने गंमत म्हणून लेकीलाही फोनवर सांगितलं, आणि पंचाईत झाली. शनिवारी लेक वानछिउ हफेई शहरातून हजर!

"बाबा, आता एकटं राहणं पुरे. डोकं ठिकाणावर नसेल तर दोघंही माझ्याकडे चला. सांगा, झाडं किती? मी स्वतः मोजून येते."

सकाळीच बियानने तीनशे चाळीस मोजली होती. पण हा डोंगर सोडून लेकीकडे सतराव्या मजल्यावर जायचं? छे!

"तीनशे बारा," तो ठासून म्हणाला.

दुपारी ती परतली, गाल लाल, बूट चिखलाने भरलेले.

"बरोबर तीनशे बारा! राहा बाई इथेच सुखाने."

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. हुइझूने टोफूचा मोठा टोप चुलीवर चढवला.

"पण बाबा, मदतीला एवढी माणसं ठेवलीत, बोलला नाहीत ते!"

"माणसं?"

"अठ्ठावीस तरी असतील. कमरेपर्यंत चुन्याने माखलेली. बोलत काहीच नाहीत, बिचारी."

हुइझू नवऱ्याकडे बघत राहिली. नाही म्हटलं, तर लेक उद्याच सामान बांधणार.

"आहेत," बियान म्हणाला. "रोजंदारीवर."

"मग आत बोलवा ना त्यांना. माझ्या मागोमाग आलीत, दारात किती वेळ उभी राहतील?"